दुसरे पावणेतीन

दार लावून घ्या रे पोरांनो, वारा येतोय. ही गोष्ट माझ्या जोडीच्या गार्डाची. एकहार्ट त्याचं नाव.

२०१९, ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, रात्रीची गाडी. मी इंजिनावर होतो. एकहार्टची बायको रोझविटा पुढच्या शहरात इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती. त्याने सुट्टी मागितली, पण बदलीला माणूस नाही, हे आपलं नेहमीचं रडगाणं. अकराला नर्सचा फोन आला, जमेल तितक्या लवकर या.

आणि नेमकी तीच रात्र, हिवाळ्यासाठी सगळी घड्याळं तासभर मागे करायची. तीनचे पुन्हा दोन वाजणार. लोक खूश, तासभर झोप फुकट मिळते. गाडीला मात्र, वेळापत्रकाच्या पुढे पळू नये म्हणून, तो तास वायडेनरोडा स्टेशनात उभं राहून काढावा लागतो. उशीर झाला असता तर थांबावंच लागलं नसतं. पण एरवी रोज रखडणारी आपली गाडी त्या रात्री मेली वेळेवर पोचली. एकहार्ट थर्मास घेऊन फलाटावरच्या बाकावर बसला. इतका दमलेला माणूस मी पाहिला नाही. मला त्याच्याकडे बघवेना.

तीन वाजले. फलाटावरच्या घड्याळाचे काटे फिरून दोनवर आले.

बऱ्याच वेळाने, दुसऱ्यांदा पावणेतीन वाजले तेव्हा, मी खिडकीतून पाहिलं. एकहार्ट बोलत होता. हळू आवाजात. शेजारी... कोणी नव्हतं. त्याने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली. बाजूला धरली. हात परत आला...

रिकामा.

मी काच खाली केली. हाक मारणार होतो. नाही मारली.

सिग्नल मिळाला तेव्हा तो माझ्यापाशी आला. "रोझविटा आली होती," म्हणाला. "म्हणे, आता घाई करू नकोस. एवढ्या वर्षांत तासभर कधी बसलास माझ्यापाशी?"

जागरणाने डोकं फिरलंय बिचाऱ्याचं, असं मला वाटलं. ड्युटी संपल्यावर मीच त्याला इस्पितळात घेऊन गेलो.

नर्स दारातच भेटली. "पावणेतीनला गेल्या."

"कुठल्या पावणेतीनला?" एकहार्टने विचारलं.

"पहिल्या."

 मग नर्सने रोझविटाचा चष्मा दिला, अंगठी दिली. आणि म्हणाली, "हे तुमचंच ना? चादर बदलताना त्यांच्या हातात सापडलं."

थर्मासचं झाकण... मी हातात घेऊन पाहिलं. आतून ओलं होतं. अजून कोमट.