कापशीची वेळ

मंगळावरच्या आरोही वसाहतीत सकाळचे सहा वाजले, तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. माणसं जमिनीखाली दिव्यांच्या उजेडात राहत आणि घड्याळं भारताच्या वेळेवर चालत. घरच्यांशी बोलताना हिशेब करायला नको, एवढंच त्यामागचं शास्त्र. कोट्यवधी मैल दूर येऊनही आपल्याला चहा घरच्याच वेळेला लागतो!

वर, काचेच्या छताखालच्या प्राणिघरात डॉ. शरयू केळशीकरांनी लाकडी खोक्याचं दार उघडलं. आत कापशी नावाच्या सशिणीची सहा पिल्लं होती. आठवड्यापूर्वी जन्मलेली, अजून डोळेही न उघडलेली. कापशीने स्वतःच्या पोटावरचे केस उपटून त्यांच्यासाठी मऊ गादी केली होती. सशीण पिल्लांना दिवसातून एकदाच पाजते, तेही चार-पाच मिनिटं. म्हणून पृथ्वीवरच्या पद्धतीने सहाला दार उघडायचं आणि थोड्या वेळाने लावून घ्यायचं. एरवी आईचा पाय पडून एखादं दगावायची भीती.

कापशी कोपऱ्यात गवत चघळत बसली. खोक्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"आजही नाही," शरयू म्हणाल्या. पिल्लांची पोटं खपाटीला गेली होती. ड्रॉपरने पाजलेलं दूध निम्मं बाहेर येत होतं.

वसाहतीचे प्रमुख नंदन तुळपुळे मागे उभे होते. "शरयूताई, नियम तुम्हाला ठाऊक आहे. इथे एका तरी आईने पिल्लं वाढवून दाखवली, तरच माणसाच्या बाळाला परवानगी. संध्याकाळच्या यानात तुमची जागा ठेवलीय."

शरयूंना चौथा महिना होता. नवरा इथेच बोगद्यांच्या कामावर, आणि पुढचं यान दोन वर्षांनी. त्यांना भीती वाटत होती. त्याहून जास्त राग येत होता.

"कापशी वाईट आई नाहीये, सर. पहिले दोन-तीन दिवस धावत आत शिरायची. आता मी दार लावून गेले, की तासन्‌तास दाराला नखं मारत बसते."

"मग सहाला का जात नाही?"

शरयूंनी वर पाहिलं. काचेपलीकडे अंधार. पिल्लं जन्मली त्या दिवशी सहाला तिथे उजाडत होतं! त्यांनी कपाळावर हात मारला.

"सर, इथला दिवस पृथ्वीपेक्षा किती मोठा?"

"चाळीसेक मिनिटं. त्याचं काय?"

"प्रत्येक सजीवाच्या शरीरात एक घड्याळ असतं. दिनलय म्हणू या. ते उजेडावर लागतं. आपलं खालच्या दिव्यांवर लागलंय, हिचं खऱ्या सूर्यावर. त्यामुळे हिची पाजायची वेळ आपल्या घड्याळात रोज चाळीस मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात साडेचार तास! आपण तिला अवेळी बोलावतो आणि ती येते तेव्हा दार बंद."

"आणि वर ठपका तिच्यावरच," तुळपुळे पुटपुटले. "पण दार उघडं ठेवलं आणि पाय पडला तर?"

"बंद ठेवलं तर उपाशी मरतीलच."

तुळपुळ्यांनी मान हलवली. दार उघडंच ठेवून दोघं जमिनीवर बसून राहिले.

दहा वाजून गेले. काच किंचित उजळली. खोक्याच्या अंधारात पिल्लं अचानक वळवळू लागली, केसांच्या गादीतून धडपडत वर आली आणि तोंडं उचलून वाट पाहू लागली.

"यांना कुणी सांगितलं?" तुळपुळ्यांनी विचारलं.

"आईने. पोटात असल्यापासून ती तिच्याच घड्याळावर आहेत."

कापशीने कान टवकारले. एका उडीत ती आत गेली आणि पिल्लांवर अलगद उभी राहिली. चुटूचुटू आवाज सुरू झाला. ती बाहेर आली, तेव्हा सहाही पोटं टम्म फुगली होती. शरयू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

मग त्यांचा हात पोटावर गेला. "सर, माझं बाळही माझ्याच घड्याळावर आहे. म्हणजे भारताच्या. ते जन्मेल इथे आणि जागं व्हायला बघेल तिथल्या सकाळी."

तुळपुळ्यांनी छताकडे पाहिलं. लालसर क्षितिजावर सूर्य वर येत होता. त्यांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"संध्याकाळी यान जाऊ द्या. केळशीकर येणार नाहीत. आणि वसाहतीतल्या सगळ्या घड्याळांत सकाळचे सहा करा. यापुढे घड्याळं आणि खालचे दिवे इथल्याच सूर्यावर चालतील." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, आत्ता. इथे आत्ताच उजाडलंय."