शेवटच्या गाण्यानंतरची शांतता

"खिडकी एकच, आणि पडदे पाच?" तिने मोजायची टेप गळ्यात टाकत विचारलं.

"बाकीचे भिंतींना," तो म्हणाला.

"का? भिंतींना थंडी वाजते?"

तो हसला. खोलीत आवाज घुमू नये म्हणून, असं त्याने सांगितलं. खोलीभर वायरी होत्या, दोन कीबोर्ड, एक माईक. स्पीकरवर एक ठेका चालू होता, अगदी संथ. ओठांत टाचण्या धरून ती भिंतीचं माप घेऊ लागली आणि नकळत त्या ठेक्यावर गुणगुणू लागली.

"थांबू नका!" तो एकदम ओरडला.

"अहो, टाचणी गिळली असती मी!"

"सॉरी... पण तेच पुन्हा म्हणाल? टाचण्या काढून?"

अशी त्यांची जोडी जमली. मावशीच्या शिलाईच्या दुकानातून सुटली की ती थेट त्या खोलीत जायची. याला ट्रिप हॉप म्हणतात, त्याने सांगितलं. ठेका सावकाश, खाली जड बेस, वर एकटा गळा. मावशीने एकदा ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे गं. पण गाण्याला काही घाईच नाही. आणि त्या मुलालाही नाही!"

त्याची एक पद्धत होती. गाणं संपलं की तो थोडा वेळ नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करायचा. दोन गाण्यांच्या मधे जोडायला ती लागते म्हणे. तोवर बोलायचं नाही, हलायचं नाही. समोरासमोर बसायचं. सुरुवातीला तिला हसू फुटायचं. तो डोळे वटारायचा, आणि मग स्वतःच खाली बघायचा. पुढेपुढे ती गाण्यापेक्षा त्या शांततेचीच वाट बघू लागली.

आज शेवटचं गाणं होतं. संध्याकाळी सगळी गाणी रेकॉर्ड कंपनीकडे जाणार. पहिला अल्बम! सकाळपासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पण उद्यापासून इथे यायला काही कारण उरणार नव्हतं.

ती गायली, जीव ओतून गायली. त्याने बोट वर केलं... शांतता.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू होता. तो आज खाली बघत नव्हता. त्याचे ओठ हलले — आणि मिटले.

"उद्यापासून मी काय निमित्त काढून यायचं?" ती सरळ माईकमध्येच म्हणाली.

"शांतता बिघडवलीस..."

"बिघडू दे. उत्तर दे."

तो कानापर्यंत लाल झाला. "मला तीनच पडदे पुरले असते."

"म्हणजे?"

"दुकानात सांगायला आलो, तेव्हा तू मशीनवर बसली होतीस. तोंडातून पाच निघालं. म्हटलं, माप घ्यायला तेवढाच जास्त वेळ लागेल."

"पहिल्याच दिवशी? आणि इतके दिवस गप्प बसलास?"

"शांतता रेकॉर्ड करत होतो ना..."

ती उठली आणि तिने त्याचा हात धरला. खुर्ची केवढ्यांदा तरी करकरली. लाल दिवा तसाच चालू राहिला.

त्यातलं त्यांनी काही कापलं नाही. अल्बम आला, त्या दिवशी मावशी दुकानात कानाला हेडफोन लावून बसली. शेवटच्या गाण्यानंतर तिचा मशीनवरचा पाय अचानक थांबला.

"म्हणजे दोन पडदे," ती डोळे पुसत म्हणाली, "मी उगाचच शिवले!"