नासक्या केळ्यांचं गिऱ्हाईक

"आज खायची की परवा?"

हा प्रश्न त्यानं मला पहिल्यांदा विचारला, तेव्हा मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. कोपऱ्यावरचं फळांचं दुकान, बाहेर भुरभुर पाऊस, आणि मी छत्री मिटत आत शिरलेली. त्याचा अंगठा केळ्यांच्या फणीवरून हलकेच दाबत दाबत पुढे चालला होता.

"आजही नको, परवाही नको," मी म्हटलं. "गेल्या आठवड्यात खायला हवी होती, अशी द्या."

आता मात्र त्यानं वर पाहिलं. अगं बाई... डोळे बरे होते. बरे म्हणजे, चांगलेच.

"म्हणजे नासकी?"

"काळी पडलेली, पाणी सुटलेली. वास येत असेल तर फारच उत्तम."

"मॅडम, हे दुकान माझ्या वडिलांनी उभं केलंय. इथे नासकं विकत नाहीत."

"मग फुकट द्या!"

तो हसला. आवाज न करता, नुसते खांदे हलवत. "करणार काय त्यांचं?"

"फुलपाखरांना घालणार."

त्याचं हसू थांबलं. त्यानं माझी उसवलेली पिशवी पाहिली, रंगांचे डाग पडलेला कुडता पाहिला आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "हो का... देतो ना. रोज या."

त्या मऊ आवाजाचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मला वाटलं, किती समजूतदार माणूस आहे! मी अशीच आहे. एखाद्याचे डोळे आवडले की बाकीची अक्कल गहाण.

तर, फुलपाखराचं सांगते. मी चित्रं काढते. मुलांसाठी फुलपाखरांचं एक पुस्तक निघणार होतं, चोवीस चित्रांचं, आणि त्यावर पहिल्यांदाच माझं नाव छापलं जाणार होतं. अट एकच, प्रत्येक फुलपाखरू जिवंत समोर बघून काढायचं. तेवीस झाली होती. चोविसावं मात्र महालबाड. पंख मिटले की हुबेहूब वाळलेलं पान, मधल्या शिरेसकट. उघडले की आत गडद निळा रंग आणि त्यावर नारिंगी पट्टा. आमच्या कुंपणापलीकडच्या झाडीत ते दिसायचं, पण आपल्या बागेत यायचं नाव नाही. कारण ते फुलांवर बसतच नाही. त्याला हवा असतो सडक्या फळांचा आंबूस रस. संपादकबाईंनी पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंतची मुदत दिली होती. शनिवार चुकला, तर सगळं काम दुसऱ्या कुणाकडे.

मुदतीला बारा दिवस होते. मी पेरूच्या झाडाला एक जुनी थाळी टांगली, त्यात फळं चिरून ठेवली आणि समोर स्टूल टाकून बसले.

"घरात कधी पान वाढत नाहीस, आणि बागेत जेवायला वाढतेस किड्यांना," माझी आत्या खिडकीतून म्हणाली. मला लहानाची मोठी तिनंच केलं, त्यामुळे मला बोलण्याचा हक्कही तिचाच. "या वयात लोक नवऱ्याची वाट बघतात."

"तोही येईल गं, फळं सडली की."

पण फळं सडतच नव्हती! फळवाला रोज पिशवी द्यायचा. वरून ठिपके ठिपके, साल काळपट, आणि आत? आत पिवळंधमक, घट्ट, मधासारखं. चिरून ठेवलं की तासाभरात खारी आणि बुलबुल थाळी चाटून पुसून साफ. फुलपाखरांच्या वाट्याला रिकामी थाळी.

"अहो, जरा अजून नासकी द्या ना," मी रोज सांगायची.

"याहून नासकी?" तो छातीवर हात ठेवायचा. "मॅडम, माझ्या अंगठ्याला सवय नाही हो. तो आपोआप चांगल्याकडे वळतो."

"मग अंगठ्याला समजवा."

"सांगून बघितलं. तुम्ही आलात की अजिबात ऐकत नाही."

आणि मग मी... काय सांगू... भांडायचं सोडून हसत घरी यायची. खरं सांगायचं तर दुसऱ्या दुकानात जाऊन नासका माल मागणं काही अवघड नव्हतं. पण मग रोज संध्याकाळी, पाऊस नुकताच थांबलेला असताना, ओल्या रस्त्यावरून कोपऱ्यापर्यंत चालत जायला कारण काय उरलं असतं? त्याच्या दुकानातला पिवळा दिवा लांबूनच दिसायचा. दिवा दिसला की मी चाल मुद्दाम हळू करायची, म्हणजे धाप लागलेली दिसू नये.

असे नऊ दिवस गेले. थाळी रिकामी, कागद कोरा. आणि दहाव्या दिवशी, बुधवारी, मला ताप आला.

संध्याकाळी फाटक वाजलं. खिडकीतून पाहिलं तर फळवाला! हातात पिशवी, केस नीट विंचरलेले, मी गेले नाही म्हणून घर शोधत आलेला. आत्यानं त्याला बागेतच गाठलं.

"तुम्हीच का ते? काय गोड केळी देता हो! खारी टुणटुणीत झाल्या आमच्या."

"खारी?"

तो वळला आणि त्याला थाळी दिसली. स्टूल दिसलं. पडवीतल्या फळ्यावर टाचणीनं लावलेली माझी फुलपाखरांची चित्रं दिसली, तेवीसच्या तेवीस. मी शाल गुंडाळून बाहेर आले, तेव्हा तो त्यांच्यासमोर तोंडाचा आ वासून उभा होता.

"म्हणजे... खरंच फुलपाखरं होती?"

"मग काय खोटी असतात?"

त्यानं कपाळावर हात मारला. मग अडखळत सगळं सांगितलं. त्याच्या दुकानात अशी माणसं येतात. परिस्थिती बेताची, पण मान ताठ. कुणी म्हणतं गाईला हवंय, कुणी म्हणतं खताला हवंय, आणि घरी जाऊन तेच खातात. वडिलांनी शिकवलं होतं, अशांना काही विचारायचं नाही. वरून डागाळलेलं पण आतून उत्तम असं निवडून द्यायचं, म्हणजे त्यांचाही मान राहतो. "तुम्ही फुलपाखरं म्हणालात... मला वाटलं, हे नवीनच कारण काढलंय यांनी. मी रोज अर्धा अर्धा तास निवडायचो हो, तुमच्यासाठी."

मला रागच आला. म्हणजे ते डोळे, तो मऊ आवाज... ती सगळी दया होती तर! आणि मी येडी, रोज वेणी घालून जात होते!

"माझं काम बुडालं तुमच्या दयेपायी," मी म्हटलं. आवाज फाटला माझा. "नऊ दिवस! शनिवारी माझं नाव जाईल त्या पुस्तकावरून. न्या ती पिशवी. आणि उद्यापासून कीव करायला दुसरं गिऱ्हाईक शोधा."

तो पिशवी उचलून फाटकाबाहेर गेला. मग मी आत्याच्या मांडीत डोकं खुपसून मनसोक्त रडले. चित्रासाठी की त्याच्यासाठी, ते आत्यानं विचारलं नाही, म्हणून मला सांगावंही लागलं नाही.

शुक्रवारी सकाळी आत्यानं मला हलवून उठवलं. "ऊठ गं. बागेत दारूची भट्टी लागलीये."

बाहेर येऊन पाहते तर काय! पेरूखाली फळवाला उकिडवा बसलेला, शेजारी झाकणाची बादली. त्यात लिबलिबीत केळी, फुटलेले आंबे, फेस आलेला अननस. वास असा, की डोळ्यांना पाणी. आणि तो ते सगळं हातानं कालवून थाळीत भरत होता. वडिलांनी उभं केलेल्या दुकानाचा मालक, कोपरापर्यंत नासाडीत बुडालेला.

"काल दिवसभर बाजार पालथा घातला," तो वर न बघता म्हणाला. "सगळ्या दुकानदारांकडून त्यांचं टाकाऊ मागून आणलं. सगळे विचारत होते, कशाला हवंय. मी म्हटलं, फुलपाखरांना." मग जरा थांबून, "कुणाचा विश्वास बसला नाही. सगळे फार प्रेमानं बोलायला लागले माझ्याशी."

मला हसू आलं. फार आवरलं, पण आलंच.

"थाळी भरून झाली, की जातो मी."

तो हात झटकायला उठणार, इतक्यात कुंपणावरून एक वाळकं पान उडत आलं. वारा तर नव्हता... पान थाळीवरून एक गिरकी घेऊन खाली आलं आणि थेट त्याच्या उजव्या अंगठ्यावर उतरलं. केळ्याच्या रसानं माखलेल्या, त्या नावाजलेल्या अंगठ्यावर.

"हलू नका!" मी कुजबुजले.

"हललो नाही."

"बोलूही नका."

मी कागद ओढला. पानाला पाय फुटले, बारीकशी सोंड उलगडली आणि अंगठ्याच्या रेघांमधला रस ते सावकाश पिऊ लागलं. मिटलेले पंख काढले. शिरा काढल्या. ऊन पानांतून गळत होतं. तो अर्धवट उठलेला, एक गुडघा टेकलेला, तसाच. त्याच्या मानेवरून घामाचा थेंब ओघळला, तरी तो हलला नाही. पंख काही उघडेनात. पाच मिनिटं... दहा... पाय थरथरायला लागले होते त्याचे.

"दया नव्हती ती," तो ओठ न हलवता म्हणाला.

"गप्प बसा ना, उडेल ते."

"पहिल्या दिवशी होती. एकच दिवस. नंतर मला एवढंच वाटायचं, की तुम्ही जे खाल ते गोड असावं."

माझी पेन्सिल थांबली. आणि त्याच क्षणी, देवाशपथ, फुलपाखरानं पंख उघडले. निळं, गडद निळं, मध्ये नारिंगी. एकदा मिटले, पुन्हा उघडले. मी रडत होते आणि रंग भरत होते. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान तिरकी करून.

मग ते उडालं. कुंपणापलीकडे गेलं आणि पुन्हा नुसतं एक पान झालं.

"मिळालं?" त्यानं विचारलं.

"मिळालं."

तो धपकन खाली बसला. पायांना मुंग्या आल्या होत्या बिचाऱ्याच्या. हात चिकट, केसांत अननसाचा तुकडा, आणि माझ्याकडे बघताना चेहरा असा, की जणू परीक्षेचा निकाल माझ्या हातात आहे.

"मी जे म्हणालो... त्याचं उत्तर," तो चाचरत म्हणाला, "आज देणार की परवा?"

मी त्याच्यासमोर ओल्या गवतात बसले. तो चिकट अंगठा माझ्या मुठीत घेतला.

"आज," मी म्हटलं.

शनिवारी चित्र पोचलं. दुपारी संपादकबाईंचा फोन आला. चित्र फार सुंदर आहे म्हणाल्या, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हेच घेऊ. पण एक अडचण होती.

"बाकी सगळी फुलपाखरं फांदीवर किंवा दगडावर आहेत. हे अंगठ्यावर का? काढून टाकायचा का तो?"

"नाही, नाही. जिथे बसलं तिथेच काढलंय. अंगठा राहू दे."

"बरं. पण आहे कुणाचा?"

बागेत तो थाळी घासत होता. आत्या त्याच्या डोक्यावर उभी राहून, कुठे चिकट राहिलंय ते दाखवत होती.

"आमच्या घरातलाच आहे," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि वळले, तर आत्या बागेतून खिडकीशी येऊन उभी! सगळं ऐकलेलं.

"घरातला?" ती म्हणाली. "मग त्याला विचार की जेवून जाणार का. मी भात जास्त टाकते."