तिसरी लाइन

जोगेश्वरी पूर्वेला, हायवेपासून थोडं आत, एका औद्योगिक गाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. डॉक्टर तपासणीनंतर आपला अहवाल बोलून रेकॉर्ड करतात आणि आमची माणसं तो ऐकून टाइप करतात. माणसं बारा, सगळी घरून काम करणारी. घाटकोपरचा सम्यक, बोरिवलीच्या दोघी बहिणी, आणि सगळ्यांत लांबची कुडाळची प्रेमा सावंत. ऑफिसात मी, मशीन्स आणि चंद्रप्रकाश सर.

रेकॉर्डिंगं आमच्या सर्व्हरवर असतात, त्यामुळे ऑफिसचं इंटरनेट पडलं की बाराही घरांतलं काम थांबतं. जानेवारीत ते दिवसाला चार-चारदा पडायला लागलं. एका सकाळी सर म्हणाले, "ऋतिका, या महिन्यात लाइन सुधारली नाही तर सगळ्यांना इथे आणून बसवायचं. मला दुसरा मार्ग दिसत नाही."

मी प्रेमाला फोन केला. तिचे वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत, दर तासाला त्यांची कूस बदलावी लागते. ती म्हणाली, "मग माजा काम गेलाच गो."

मी तीन ठिकाणांहून लाइन चाचणीला मागवली, प्रत्येकी एक आठवडा. लोक डाउनलोडचा आकडा बघतात. आमचा आवाज ऑफिसातून बाहेर जायचा असतो, म्हणून आम्हाला अपलोड हवा होता, तोही न डगमगणारा. पहिल्या लाइनचा अपलोड दुपारी निम्म्यावर यायचा. दुसरी गच्चीवरच्या अँटेनावरून होती. शेजारच्या बांधकामाची क्रेन फिरली की शब्द तुटायचे. तिसरी दत्ताराम राऊळांची. वीस वर्षं याच भागात केबल टाकणारा माणूस. वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून ते स्वतःच आले, भिंतीला भोक पाडलं, चहाही न घेता गेले.

सोमवारी जोडलेली ती लाइन एकदाही पडली नाही. अपलोडच्या आलेखावरची रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ.

बुधवारी संध्याकाळी मी तयार फायली तपासत होते. प्रेमाच्या फाइलमध्ये, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या अहवालाच्या मधोमध, कंसात लिहिलं होतं: पाण्याचा थेंब, मोठी जागा. मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. डॉक्टरांचा श्वास होता, कागद उलटल्याचा आवाज होता. पाणी नव्हतं.

मग सम्यकची फाइल उघडली. हृदयाचा अहवाल. त्यातही थेंब होता. बाराही फायलींत होता. डॉक्टर वेगळे, रेकॉर्डिंगं वेगळी, कुणाचं सुरुवातीचं वाक्य चालू होतं तर कुणाचं शेवटचं. जुळत होती फक्त घड्याळातली वेळ. सकाळचे अकरा चाळीस.

सम्यकला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, आम्ही एकमेकांशी बोललोपण नाही. आलं ऐकायला, लिहिलं. पण खरं सांगू? हेडफोन काढवत नव्हता यार."

गुरुवारी अकरा पस्तीसला मी त्याच लाइनवरून प्रेमाशी कॉल जोडून बसले. पाच मिनिटांनी आमच्या दोघींच्या मधली शांतता मोठी झाली. मला दुसरा शब्द सापडत नाही. एखाद्या खोलीच्या भिंती लांब सरकत जाव्यात आणि छत वर जावं, तशी ती वाढत गेली. मग लांब कुठेतरी एक थेंब पडला आणि त्याचा आवाज बराच वेळ फिरत राहिला.

"आयकलंस?" प्रेमा कुजबुजली. "भय नाय वाटणा. देवळात येकट्यान बसल्यासारख्या वाटता."

अकरा बावन्नला ते थांबलं. माझा चहा समोर तसाच होता, वर साय धरलेला.

शुक्रवारी सकाळी मी दत्तारामना गाठलं आणि वायर कुठून येते ते दाखवा म्हटलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. खांबाखांबाने आम्ही चालत गेलो. शेवटी वायर दाटीवाटीच्या घरांवर चढली. पत्र्यांवरून, पाण्याच्या पिंपांवरून, वाळत घातलेल्या गोधड्यांमधून ती पलीकडे गेली होती.

"याच्या खाली काय आहे?" मी विचारलं.

"लेणी. जोगेश्वरीची. आपली वायर वरून जाते मॅडम, आत नाही गेलेली."

"बाकी गिऱ्हाइकांची काही तक्रार?"

"कसली तक्रार? लोक काय, व्हिडिओ बघतात." ते वायरकडे बघत राहिले. "तुमची माणसं ऐकतात. एवढाच फरक."

मला आत जाऊन बघायचं होतं. त्यांना सोबत या म्हटलं, तर मान हलवून ते चहाच्या टपरीकडे वळले.

अकरा पस्तीस झाले होते. प्रेमाला फोन लावून, इअरफोन कानात घालून मी पायऱ्या उतरायला लागले. निम्म्यावर रेंज गेली, कॉल कटला. खाली चपला काढल्या. पायाखालचा दगड गार आणि ओला होता. गाभाऱ्यात देवीपुढे दिवा तेवत होता, बाकी कुणी नव्हतं. मी अनेकदा आले होते इथे. पण त्या दिवशी खांबांमागचा अंधार जिथे संपायला हवा, तिथे संपत नव्हता. खांबांमागे खांब होते. त्यांच्या मागे आणखी.

एका खांबापाशी थांबले. पुढच्या खांबापर्यंत गेले. पुन्हा थांबले.

थेंब पडला.

त्यानंतर मला टाइपिंग ऐकू आलं.

मी इअरफोन काढले. आवाज तसाच राहिला. तो दगडातून येत होता, सगळ्या बाजूंनी. बारा कीबोर्ड. तीन वर्षं मी या बोटांचे आवाज कॉलवर ऐकलेत. सम्यक चार शब्द टाइप करतो आणि थांबतो. बोरिवलीची थोरली नखं वाढवते. प्रेमाचा अंगठा स्पेसबारवर जोरात पडतो.

आणि त्यांच्या पलीकडे आणखी कीबोर्ड होते. किती, ते मोजता येईना. लांब, आणखी लांब, जिथवर खांब होते तिथवर.

"प्रेमा?" मी म्हटलं.

सगळी बोटं एकदम थांबली.

एवढी मोठी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुणीतरी खूप मोठं, माझ्या पुढच्या शब्दासाठी थांबलं होतं. माझे हात जोडले गेले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि भीती मात्र कुठेच नव्हती.

मी काही बोलले नाही.

हळूहळू टाइपिंग पुन्हा सुरू झालं.

बाहेर आले तेव्हा ऊन डोळ्यांना लागलं. ऑफिसात जाऊन फायली उघडल्या. बाराही जणांनी अकरा चाळीसपासून तेच लिहिलं होतं. अनवाणी बाई आत येते. खांबापाशी थांबते. चालते. पुन्हा थांबते. नाव घेते.

प्रेमाचा फोन आला. "तुजी पावलां मी वळाखलंय," ती म्हणाली.

सरांना मी तिसऱ्या लाइनची शिफारस केली. कारण म्हणून अपलोड स्थिर आहे असं लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. लाइन कायमची झाली. कुणालाही घर सोडून यावं लागलं नाही. प्रेमा वडिलांची कूस बदलते आणि महिन्याला सगळ्यांत जास्त फायली देते. अकरा चाळीसला बाराही घरांतलं काम थांबतं आणि बावन्नला सुरू होतं. त्याबद्दल कुणी बोलत नाही. मी त्या वेळी हेडफोन लावत नाही.

गेल्या सोमवारी मुलुंडचा अल्पेश रुजू झाला, तेरावा. त्याला कामापलीकडे मी काहीच सांगितलं नव्हतं. पावणेबाराच्या पुढे त्याचा फोन आला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. प्रेमाताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या मॅडमनाच विचार."

"विचार ना."

"ती बाई आत चालतेय ना, अनवाणी, खांबापाशी थांबत थांबत," तो दबक्या आवाजात म्हणाला, "ती बाहेर कधी येते?"