तळहातावरचा ठोका

लाईट गेली ते एक बरं झालं. आता ते मोबाईल पालथे घाला अन् सतरंजीवर नीट बसा. ऋतुराज, गच्चीचं दार लोटून घे, खालून मच्छर येतात. प्रेरणा, तू इथं माझ्याजवळ ये. मघाशी मोठ्या तोंडानं म्हणत होतीस ना, आप्पा, भूतबित काही नसतं म्हणून? नसेल बाई. मी फक्त झालं ते सांगतो, त्याला नाव काय द्यायचं ते तुम्ही बघा.

गेल्या वर्षीची भोगी. संक्रांतीची आदली रात्र. माझा दोस्त वैजनाथ जेवायला बसला होता, पण ताटातली बाजरीची भाकरी तशीच ठेवून उठला अन् गाडीची किल्ली घेतली. साडेनऊ झाले होते. 'कन्नडला जाऊन येतो, एक घड्याळ पोचवायचंय,' एवढंच बोलला. कालिंदीवहिनी म्हणाल्या, 'अहो, आत्ता? उद्या सकाळी जा की.' तो म्हणाला, 'उद्या उपयोग नाही.'

वैजनाथ तुम्ही पाहिलाय. सिडकोत राहायचा, चष्म्याला दोरी, खिशात कायम भिंग. इथंच चिकलठाण्याला एका कारखान्यात आम्ही सोबत नोकरी केली, मी स्टोअरला, तो तपासणीचा साहेब. त्याला नाद एकच, खिशातली जुनी घड्याळं. साखळीवाली, झाकणाची, निजामाच्या वेळी अंमलदार लोक वापरायचे ती. शहागंज म्हणू नका, जुना बाजार म्हणू नका, भंगारवाल्याच्या पोत्यात हात घालायलाही ह्याला लाज नाही. बरं, घड्याळ माणूस वेळ बघायला घेतो. ह्याला वेळेशी काही देणंघेणं नाही. मागचं झाकण उघडायचं अन् आतलं मशीन बघत बसायचं. नातवाचा फोटो दाखवावा तसं मला दाखवायचा. मी हो हो करायचो, मला कशातलं काय कळतंय!

त्याच्याकडं एक चांदीची डबी होती. डबी म्हणजे घड्याळाचं नुसतं कवच, दोन्हीकडून झाकणं, वर वेलबुट्टी. आतलं मशीन कुणीतरी कधीच काढून नेलेलं. त्या डबीत बसेल असं विलायती मशीन तो वर्षानुवर्षं शोधत होता. वहिनी म्हणायच्या, पोराचं, वरदचं लग्न जमवताना एवढं हिंडले नाहीत.

तर आमच्या कारखान्यात कन्नडकडचा एक पोरगा होता, इंद्रजीत. त्यानं एक दिवस आजीचं घड्याळ आणून दिलं. 'सर, मधीच बंद पडतंय. बघता का जरा?' साधी निकेलची डबी, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. वैजनाथनं मागचं झाकण उघडलं, अन् आत तेच मशीन. जे शोधत होता, तेच.

आता ही आजी कोण ते ऐका. सारजाबाई. चाळिशीत ताप आला अन् तिचे दोन्ही कान गेले. नवरा बद्रीनाथ, शेतकरी माणूस, बोलायला आधीच कमी. पण बायकोचे कान गेल्यावर त्यानं एक रीत धरली. रोज झोपताना घड्याळाला चावी द्यायची अन् ते तिच्या तळहातावर ठेवायचं. ती मूठ मिटायची. ठोका लागला की मान हलवायची. मग दिवा मालवायचा. दिवसभराचं त्यांचं बोलणं म्हणाल तर एवढंच. तो वारल्यावर ती स्वतःच चावी द्यायला लागली, अन् घड्याळ मुठीत धरल्याशिवाय तिला झोप लागायची नाही.

हे सगळं इंद्रजीतनं घड्याळ देतानाच सांगितलं होतं, बरं का. वैजनाथनं माहीत असून केलं.

केलं काय, तर आजीचं मशीन काढून, जवळची एक तबकडी अन् काटे लावून, आपल्या चांदीच्या डबीत बसवलं. आजीच्या डबीत दुसरं घातलं, चांगलं चालणारं. तबकडी तिचीच, काटे तिचेच. वेळ तर पहिल्यापेक्षा बरोबर. मनाशी म्हणाला, तिचं काय गेलं? अन् बहिऱ्या बाईला कळणार तरी काय?

घड्याळ परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी म्हातारी एसटीनं आली. नातवाला घेऊन सरळ ह्याच्या घरी. चहा घेतला नाही, बसली नाही. घड्याळ टेबलावर ठेवलं अन् उजवा तळहात पुढं केला.

'सायेब, ह्ये आमच्या मालकाचं नाय.'

वैजनाथ हसला. इंद्रजीतला म्हणाला, 'तेच आहे रे. फक्त तेलपाणी केलंय. आजीचं वय झालं आता.'

'लई घाईत चालतंय ह्ये,' म्हातारी म्हणाली. 'त्येंचं सावकाश चालायचं. माझा हात वळखतो त्येला.'

अन् हे खरं होतं, पोरांनो. जुनं मशीन संथ ठोक्याचं, नवं चपळ. वैजनाथला तो फरक माहीत होता. पण त्यानं मान हलवली. नाही म्हणून. म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघत होती, तिला कळलं. इंद्रजीत बिचारा ओशाळून म्हणाला, 'माफ करा सर, तिचं असंच चाललंय.' तिनं वाद घातला नाही. घड्याळ उचललं, स्वतःच्या तळहाताकडं एकदा बघितलं अन् गेली.

पुढं तिच्या गल्लीत सगळे म्हणायला लागले, म्हातारीला भरम झालाय. आधी ती सांगत राहिली. मग सांगायचं सोडलं. चावी द्यायचं सोडलं.

मला हे वैजनाथनं नंतर सांगितलं तेव्हा मी तोंडावर म्हटलं, 'वैजनाथ, तू चोर आहेस.' तर म्हणाला, 'आप्पा, चोरी परत करता येते. मी त्या बाईला तिच्याच हातावर शंका घ्यायला लावली. ते कसं परत करू?' त्याला झोप नव्हती. चांदीची डबी कपाटात ठेवली होती, पण एकदाही चावी दिली नव्हती. हिंमतच झाली नाही म्हणे.

अन् भोगीच्या रात्री जेवताना फोन आला. इंद्रजीत. 'सर, आजीचं काय खरं नाय. दोन दिस झाले, उजवा हात पुढं धरून पडलीय. आम्ही मिटवतो, ती परत उघडते. कशासाठी, कळंना आम्हाला.'

वैजनाथला कळलं. डबी शर्टाच्या खिशात घातली अन् निघाला. ठरवलं होतं, पोचल्या पोचल्या चावी द्यायची, तिच्या तळहातावर ठेवायची, अन् घरातल्या सगळ्यांसमोर सांगायचं, आजीचं खरं होतं, मी खोटा.

थंडी मरणाची. दौलताबाद गेलं, घाट गेला. खुलताबादला रस्त्यावर कुत्रं नाही. वेरूळपर्यंत एखाददुसरी गाडी होती. पुढं मात्र अंधार, अन् मधूनच साखर कारखान्याला निघालेली उसाची ट्रॉली, मागं लाल दिवासुद्धा नसलेली. त्यामुळं हळूच चालवत होता. काच बंद. रेडिओ बंद.

अन् त्याला छातीवर काहीतरी लागलं.

टक... टक...

आवाज नव्हता. नुसतं लागत होतं. वाटलं, आपलंच काळीज. पण काळीज तर धावत होतं. हे सावकाश होतं.

गाडी बाजूला घेतली. उसाच्या फडाला लागून. इंजिन बंद केलं. दिवे राहिले चालू.

डबी काढली. झाकण उघडलं. भिंग लावायची गरज नव्हती. चक्र हलत नव्हतं. काटे हलत नव्हते. चावीच दिलेली नव्हती, चालणार कसं? कानाला लावली. काही नाही.

झाकण मिटून तळहातावर ठेवली.

टक... टक...

तसाच बसला. किती वेळ, त्याला सांगता येत नाही. मग गाडीचे दिवे गेले. आपोआप.

काळोख. उसाचं पान हलत नव्हतं.

अन् त्याच्या हातावर हात आला.

वरून. थंड. खरखरीत... राबलेला. म्हातारा. बोटं डबीवर फिरली. चाचपत. घाई नाही. ओळख पटवत असल्यासारखी.

तो ओरडला नाही. म्हणाला, 'आजी...'

पुढं शब्द फुटेना. एवढं सांगायचं ठरवून निघाला होता. फुटेना.

बोटं थांबली. वाट बघत होती, असं तो म्हणतो. तो बोलेल म्हणून वाट बघत होती.

...

मग ती बोटं उचलली गेली.

दिवे आले. गाडीत कुणी नाही. दारं आतून बंद. डबी त्याच्या हातात होती, झाकणं मिटलेली. पण हलकी. उघडली. आत काही नव्हतं. मशीन नाही, तबकडी नाही, काटे नाहीत. नुसती चांदी.

तेवढ्यात फोन वाजला. 'सर... आजी गेली. आत्ताच.'

कन्नडला पोचला तर बाया अंघोळ घालत होत्या. दोन दिवस उताणा पडलेला उजवा हात मिटला होता. मूठ आवळलेली. उघडता उघडेना. शेजारची साळूबाई म्हणाली, 'ऱ्हाऊ द्या गं. समाधानानं गेली, मूठ मिटून गेली.' वैजनाथ उंबऱ्यात उभा होता. सगळं घर समोर होतं. तेव्हाही तो बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेला. बोटांनी सगळी राख चाळली, मशीनचं एक चाक मिळालं नाही. गाडीच्या सीटा खोलून बघितल्या. काही नाही.

दहाव्याला मात्र त्यानं इंद्रजीतला बाजूला घेतलं अन् सगळं सांगितलं. एकूण एक. पोरगा ऐकून घेत होता. मग विचारलं, 'सर, मग मशीन कुठंय?' ह्यानं रिकामी डबी पुढं केली. म्हणाला, 'हातात धर. लागतंय बघ.' इंद्रजीतनं धरली न धरली, परत दिली. अन् लई मायेनं ह्याच्या खांद्यावर हात ठेवला. 'सर, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. आजीचं वय झालं होतं. अन् तुम्हीही आता जरा आराम करा.'

तेव्हा वैजनाथला कळलं, त्या दिवशी त्याच्या हॉलमध्ये म्हातारी कशी उभी होती ते. त्यानं वहिनींना सांगितलं, वरदला सांगितलं. सगळे खांद्यावर हात ठेवतात. खरं सांगायला उशीर केला, अन् आता खरं कुणी घेईना.

बाकीची घड्याळं त्यानं वाटून टाकली अन् पुण्याला पोराकडं गेला. जाताना माझ्याकडं आला. म्हणाला, 'आप्पा, ही एक तू ठेव. मला हातात धरवत नाही, अन् टाकवतही नाही.'

ही बघा.

घाबरता काय, चांदीची डबी आहे नुसती. ऋतुराज, टॉर्च लाव. हे वरचं झाकण. हे मागचं. आरपार दिसतंय माझं बोट? आत काही आहे? नाही ना. बंद कर टॉर्च, चांदण्यात दिसतंय.

प्रेरणा, हात पुढं कर. असा, उताणा. आता मूठ मीट. गप बसा रे सगळे.

...

कानानं शोधू नको. हातानं.

...

नसेल लागत तर नाही म्हण, मला राग नाही. पण लागलं तर लागलं म्हण, बाई. तिला कुणी म्हटलं नव्हतं.

...

प्रेरणा?

...

मान हलवली तिनं, हो म्हणून. पाहिलंत का रे?