रेवाचा पूर्ण खुराक

"लगेच ये. घोडीला विष घातलंय."

भय्यासाहेबांचा फोन सकाळी साडेसातला आला आणि आठ वाजता अवंतिका पाटन रस्त्यावरच्या त्यांच्या तबेल्यात पोहोचली. पशुवैद्यकाची पदवी हातात पडून तिला जेमतेम आठ महिने झाले होते.

रेवा फाटकापासून थोडी पुढे, रस्त्याच्या कडेला उभी होती. एक पाऊलही टाकायला तयार नव्हती. अंगावर घामाच्या धारा, मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक. पायाखाली लघवीचं थारोळं होतं, काळ्या कॉफीच्या रंगाचं.

"हिला हलवायचं नाही," अवंतिका म्हणाली. तिनं रक्त काढलं, सलाइन लावलं, नमुना प्रयोगशाळेत पाठवून दिला. "आता सांगा."

"आमची यामिनी चार दिवस भोपाळला होती, परीक्षेला. काल आली. आज खोगीर घालून निघाली. योगेश म्हणाला, घोडी भरात आहे ताई, फाटकापासूनच दौडवा. चारशे पावलांवर ही अशी आखडली की पोरगी खाली! खांदा निखळला तिचा." भय्यासाहेबांनी चाबूक बुटावर आपटला. "धनीरामला खोगिरांच्या खोलीत कोंडलंय. पोलीस येऊन राहिले. त्याला सडवतो आता जेलात."

"धनीरामनंच केलं कशावरून?"

"दाणा तोच देते न! महिन्यापूर्वी कानाखाली वाजवली होती त्याच्या. आपल्याच मनानं दाणा कमी करून राहिला होता. त्याचा सूड घेतला. गेल्या हिवाळ्यात योगेशनं तयार केलेला घोडा, शिकरा, तोही असाच रस्त्यात पडून मेला, यामिनी वर असताना. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं मी."

"तुमचे बाकीचे घोडे?"

"सहाही ठीक आहेत. एकाच पिंपातला दाणा खातात."

अवंतिका तबेल्यात गेली. प्रत्येक ठाणाच्या दारावर एक लाकडी चकती टांगलेली होती, एका बाजूनं हिरवी, दुसऱ्या बाजूनं लाल. धनीरामला वाचता येत नव्हतं म्हणून भय्यासाहेबांनीच काढलेली ही युक्ती. घोड्यानं काम केलं की हिरवी, म्हणजे पूर्ण दाणा. उभा राहिला की लाल, म्हणजे पाव दाणा, बाकी चोकर, म्हणजे गव्हाचा कोंडा, आणि गवत. चकती फिरवायची ती फक्त घोडे शिकवणाऱ्या योगेशनं.

रेवाच्या दारावरची चकती हिरवी होती.

खोगिरांच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. खिडकीच्या गजांतून दिसलं, साठीचा धनीराम जमिनीवर बसला होता. त्याचा ओठ फुटला होता.

"चार दिन कितना दाना दिया, दादा?"

"पूरा, दीदी. चकती हरी थी."

"घोड़ी काम पर गई थी?"

"सबेरे तो मैं घास लेने जाता हूँ. योगेश भैया बोले, गई थी." तो घुटमळला. "पर खरहरा करो तो बदन कोरा. पसीने का नमक ही नहीं."

"फिर दाना कम क्यों नहीं किया?"

धनीरामनं ओठावर गमछा दाबला. "मालिक बोले थे, चकती देख, घोड़ी मत देख."

योगेश रेवाजवळ उभा होता. हात मागे बांधून, शांत.

"यामिनी नसताना हिला कोण फिरवत होतं?" अवंतिकानं विचारलं.

"मीच. रोज सकाळी आठ किलोमीटर दुडकी, डांबरी रस्त्यानं. शर्यत तोंडावर आली, मॅडम. घोडा उभा राहिला की दम जातो त्याचा."

"नाल कधी मारले?"

"यामिनीताई गेल्या त्याच दिवशी. सकाळी नालबंद आला होता. त्यानंतर काम सुरू केलं."

अवंतिकानं रेवाचा पुढचा खूर अलगद, क्षणभरच उचलला. नालावर अंगठा फिरवला. खिळ्यांची चौकोनी डोकी बोटाला टोचली.

तासाभरानं प्रयोगशाळेचा फोन आला. तिनं भय्यासाहेब आणि योगेश, दोघांनाही रेवाजवळ बोलावलं.

"विष नाहीच, भय्यासाहेब. दाण्याच्या पिंपात असतं तर बाकीचे सहाही पडले असते. आणि रक्ताचा रिपोर्ट वेगळंच सांगतोय. रेवाचे स्नायू फुटलेत. त्यांचाच रंग लघवीत उतरलाय. कामाच्या घोड्याला चार दिवस ठाणावर उभं ठेवायचं, दाणा मात्र पूर्ण द्यायचा आणि पाचव्या दिवशी एकदम दौडवायचं. एवढं पुरतं."

"उभं? अहो, पण योगेश तर रोज..."

"बत्तीस किलोमीटर डांबरावर चाललेल्या घोडीच्या नालांचे खिळे घासून गुळगुळीत होतात. हिचे आजही टोचतात. घोडी ठाणावरून हललीच नाही. तरी चकती हिरवी."

"कंटाळा केला असेल," योगेश म्हणाला. "मान्य. कापा पगार."

"मलाही आधी तसंच वाटलं. पण नुसता कंटाळा केलेला माणूस आज यामिनीला म्हणाला असता, ताई, आधी अर्धा तास नुसतं चालवा. तू फाटकापासून दौडवायला सांगितलंस. योगेश, शिकरा कसा मेला?"

योगेश प्रथमच भय्यासाहेबांकडे वळला.

"दोन महिने चरायला सोडला होता तो. दम उतरला होता. मी हात जोडून सांगितलं, तीन आठवडे नुसता चालवू. तुमच्या पोरीनं माझ्यामागे नेला आणि सिहोऱ्याच्या रस्त्यावर वीस किलोमीटर पिटाळला. मेला तर तुम्ही हसून म्हणालात, घोडाच नाजूक होता." त्याचा आवाज चढला नाही. "मी वाईट काय घातलं हिला? चांगलाच खुराक दिला. आता म्हणा, घोडीच नाजूक होती."

"आणि धनीराम जेलात गेला असता तर?" अवंतिकानं विचारलं.

योगेशनं तबेल्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली.

पोलिसांची जीप येऊन थांबली. भय्यासाहेबांनी बोट दाखवताच हवालदारानं योगेशचा दंड धरला. मग त्यांनी घाईघाईनं जाऊन खोगिरांच्या खोलीचं कुलूप काढलं.

"चल रे धनीराम, जो हुआ सो हुआ. घोड़ी के पास जा. उसे तेरे हाथ की आदत है."

धनीराम रेवाजवळ गेला. तिच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि तिथून सरळ हवालदारासमोर जाऊन उभा राहिला.

"रिपोर्ट लिखवानी है, साहब."

"योगेश के ख़िलाफ़ न? लिख रहे हैं."

"वो बाद में. पहले मालिक का नाम लिखो. मारा, फिर ताले में बंद किया."

भय्यासाहेबांचा चेहरा लाल झाला. "अवंतिका, समजाव याला. तुझ्या वडिलांना मी ओळखतो."

हवालदार पेन हातात धरून थांबला. "कोई गवाह है?"

अवंतिकानं रेवाची सलाइन नीट केली आणि हात पुसले.

"मैं हूँ," ती म्हणाली. "लिखिए."