डाव्या हाताची गाठ

"काका नाहीत?"

डावरीने दातांत धरलेला दोरा पटकन सोडला. दुपारी गळ-दोऱ्यांच्या दुकानात चिटपाखरू फिरकत नाही, म्हणून ती पडद्याबाहेर येऊन ऐसपैस बसली होती आणि नेमका हा दारात उभा! धक्क्यावरच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करणारा, मनगटापर्यंत ग्रीस, आणि डोळ्यांत... जाऊ दे. डोळ्यांत काय होतं ते आपण पाहिलंच नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

"बाबा जेवायला गेलेत. रीळ ठेवून जा, ते गाठ मारून ठेवतील."

"ते?" तो हसला. "काका बिल उजव्या हाताने लिहितात. इथली गाठ मात्र डावीकडून वळलेली असते."

तिने हातातली कात्री हळूच खाली ठेवली. डाव्या हातातली!

"कुणाला बोललात तर—"

"नाही बोलणार. पण एकदा मारताना बघू द्या."

"बघताय कशाला? हे टोक धरा. आधी हात पुसा! ग्रीस लागलं की गाठ घसरते."

त्याने निमूटपणे हात पुसले. बारीक विणलेला दोरा ती तंगुसावर, म्हणजे जाड नायलॉनच्या दोरीवर, गुंडाळू लागली, एकदा वरून, एकदा खालून. दोरा लांब जातो, खडकाशी तंगूस झुंजतो, आणि दोघांना धरून ठेवते ती गाठ. ताण जरा सुटला की सगळं मुसळ केरात. शेवटी आवळण्याआधी तिने गाठ ओठांनी ओली केली... आणि तो घाईघाईने छताकडे बघायला लागला.

"छतावर काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

वर्षभरापूर्वी बाबांचे हात थरथरू लागले, तेव्हापासून पडद्यामागे बसून गाठी तीच मारत होती. "पोरीच्या हातची गाठ म्हटलं की गिऱ्हाईक फिरकायचं नाही," बाबा म्हणाले होते. तिने तो राग गिळला होता, पण पचला मात्र नव्हता.

इंजिनवाला रोज दुपारी येऊ लागला. बाबांना कुठून वास लागला कोण जाणे, त्यांनी डबा दुकानातच आणायला सुरुवात केली. झालं, त्याचं येणं बंद!

आणि मग रविवारी सकाळी, दुकान माणसांनी भरलेलं असताना, पडद्यापलीकडून त्याचा आवाज आला.

"काका, गाठ सुटली हो. पुन्हा मारून मिळेल?"

कुणीतरी हातातलं रीळ परत ठेवलं.

"तुमची गाठ सुटली?" एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"वय झालं आता," बाबांचा आवाज पडला. "माझाच हात चुकला असेल."

डावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगल्या गाठी बाबांच्या, आणि सुटली म्हणे ती गाठही बाबांचीच? तिने पडदा खसकन ओढला.

"बाबांनी नाही, मी मारली होती. वर्षभर सगळ्या मीच मारतेय. आणि माझी गाठ सुटत नाही!" तिने त्याच्या हातातला दोरा हिसकावला. "सुटलेला दोरा कुरळा होतो. हा बघा, सरळ आहे. पकडीने कापलाय हा!"

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर वळल्या.

"हो... कापला," तो पुटपुटला. "यायला निमित्त लागत होतं. काका हल्ली घरी जेवायला जात नाहीत."

दुकानात खसखस पिकली. हसले नाहीत ते फक्त बाबा.

"अगं, आत जा."

"नाही जाणार, बाबा."

तिथेच, सगळ्यांसमोर, तिने नवी गाठ मारली. एक टोक दातांत, दुसरं त्याच्या हातात. दोन दांडग्या गिऱ्हाइकांनी जीव खाऊन ओढून पाहिली. गाठ तसूभर हलली नाही. जुन्या गिऱ्हाइकाने आपलं रीळ पुढे केलं, पण सवयीने बाबांपुढे.

बाबांनी पाठीमागे लपवलेले हात पुढे आणले. ते थरथरत होते.

"तिच्याकडे द्या," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगली मारते."

डावरीचे डोळे भरून आले, पण आवाज कणखरच होता. ती इंजिनवाल्याकडे वळली.

"आणि तुम्ही... पुन्हा माझं काम कापलंत तर याद राखा! यायचं तर निमित्ताशिवाय या. मला आवडता तुम्ही."

"अगं, लोक ऐकतायत!" बाबा कळवळले.

"ऐकू देत. वर्षभर मी पडद्यामागेच बसले होते ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी न उघडलेला डबा उचलला आणि "मी घरीच जेवतो," म्हणत, कुणाकडेही न बघता ते निघून गेले.

तो आला तेव्हा त्याच्याजवळ ना रीळ होतं, ना दोरा.

"आज काय आणलंत?"

"काही नाही. हात धुऊन आलोय."

साबणाने घासून घासून लाल केलेले ते हात बघून तिला हसू फुटलं. तिने आपला डावा हात त्याच्या हातात दिला. दार सताड उघडं होतं, आणि रस्त्यावरून जाणारी दोन माणसं चक्क थांबून बघत होती.

"दार लोटू का?" त्याने हळूच विचारलं.

"मुळीच नाही," ती म्हणाली.